१६.५ मिलिमीटरमध्ये अंबरनाथ : लहान मॉडेल रेल्वेचे रूळ खरे कसे दिसतील?

कल्याणहून कर्जतकडे निघालेली लोकल विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्टेशनं घेत जाते. हा मार्ग १८५६ साली खोपोलीपर्यंत खुला झाला, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावल्यावर तीनच वर्षांनी. आज त्यावर काँक्रीटचे स्लीपर, मीटरला ६० किलो वजनाचे रूळ आणि काळ्या पाषाणाची खडी आहे. रोज या गाडीने एमआयडीसीत कामाला जाणाऱ्यांच्या डोळ्यांखालून हे सगळं जातं. तरी खडी स्टेशनात कोणत्या रंगाची असते आणि स्टेशनाबाहेर कोणत्या, असं कुणी विचारलं तर सांगता येत नाही. मॉडेल रेल्वे करायला बसलेल्या माणसाला मात्र ते सांगता यावं लागतं.

घराच्या भिंतीलगत १८० सेंटिमीटर लांब आणि ४० सेंटिमीटर रुंद प्लायवूडची फळी बसवली, तर १:८७ या जगभर रुळलेल्या प्रमाणात (त्याला एचओ म्हणतात) तिच्यावर खऱ्या जगातली १५७ मीटर लांबी मावते. बारा डब्यांची लोकल अडीचशे मीटरच्या आसपास असते. ती या फळीवर पूर्ण उभीही राहणार नाही. गाडी, फलाट, वळण सगळंच आखूड करावं लागतं. अशा वेळी पाहणाऱ्याला जागेची खूण पटवायची जबाबदारी मोठ्या प्रमाणात रुळांवर येते. ते काम रूळ कशाने करतात, यावर मॉडेलवाल्यांत गेली शंभर वर्षं वाद आहे. भारतीय ब्रॉडगेजमुळे त्या वादाला इथे एक वेगळी गाठ बसली आहे.

खेळण्यापासून मापापर्यंत

मुळात हे रूळ खेळण्याचे. जर्मनीतल्या मार्कलिन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत किल्लीवर चालणारी गाडी आणि जोडत वाढवता येणारे पत्र्याचे रूळ मांडले. पुढची कित्येक वर्षं मॉडेलचा रूळ म्हणजे पत्र्याची पन्हळ, खाली चारदोन आडव्या पट्ट्या आणि मध्ये वीज पुरवणारी तिसरी पट्टी. लहान मुलाच्या हातून वाकू नये, गाडी घसरू नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती.

मोठी माणसं या छंदात उतरली तशी मापं ठरू लागली. अमेरिकेत १९३५ साली राष्ट्रीय मॉडेल रेलरोड संघटना स्थापन झाली. युरोपात १९५४ साली मोरोप हा महासंघ उभा राहिला. चाकाची कडा किती जाड, रुळांमधलं अंतर किती, याचे तक्ते निघाले आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या एकाच रुळावर धावू लागल्या. ब्रिटनमध्ये सिडनी प्रिचर्ड यांनी १९४६ साली सुरू केलेल्या पेको या कंपनीने हव्या त्या वळणावर वाकवता येणारा, एक यार्ड लांबीचा तयार रूळ घरोघरी पोहोचवला. प्लास्टिकचे स्लीपर आणि निकेल सिल्व्हर या मिश्रधातूचे रूळ असलेला हा तुकडाच आज बहुतेक लहान लेआउटचा, म्हणजे रूळ आणि देखाव्याच्या मांडणीचा, पाया असतो.

ब्रिटनमध्ये एक तडजोडही झाली, आणि तिचे पडसाद आजपर्यंत ऐकू येतात. तिथली इंजिनं अंगाने लहान. एचओ प्रमाणात त्यांच्या पोटात त्या काळच्या मोटारी मावेनात. म्हणून गाडी १:७६ ला वाढवली आणि रूळ एचओचेच, १६.५ मिलिमीटर अंतराचे, ठेवले. ब्रिटिश मॉडेलची गाडी त्यामुळे कायम अरुंद रुळावर उभी दिसते. हे ज्यांना खटकलं त्यांनी आधी १८ आणि मग १८.२ मिलिमीटर, आणि १९६०च्या दशकात थेट १८.८३ मिलिमीटर असं अचूक अंतर ठरवलं. रूळ हाताने घालायचे, चाकंही नवी बसवायची. दुसऱ्या बाजूला हजारो लोक १६.५ वरच समाधानी राहिले. दोन्ही पंथ आजही नांदतात.

ब्रॉडगेजची अडचण

भारतीय ब्रॉडगेजचे रूळ एकमेकांपासून १६७६ मिलिमीटरवर असतात. एचओचा तयार रूळ युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटरसाठी बेतलेला आहे. हिशेब सोपा आहे: १:८७ ला आपल्या रुळांमधलं अंतर १९.२६ मिलिमीटर हवं, आणि मिळतं १६.५. जवळपास पावणेतीन मिलिमीटरची ही तूट प्रत्यक्षात २४ सेंटिमीटरची होते. ब्रिटिश १:७६ घेतलं तर अंतर २२ मिलिमीटर हवं, म्हणजे तूट आणखी वाढते.

या तुटीचं करायचं काय, याची तीन उत्तरं दिली जातात.

पहिलं उत्तर म्हणजे दुर्लक्ष. जगात बहुतेकांनी तेच केलं आहे. स्पेनचं गेज (रुळांमधलं अंतर) १६६८ मिलिमीटर, आपल्यापेक्षा फक्त ८ मिलिमीटरने कमी, रशियाचं १५२०. दोन्हीकडच्या गाड्यांची एचओ मॉडेलं सर्रास १६.५ वर धावतात. या बाजूचा युक्तिवाद असा की लेआउट बहुधा बाजूने पाहिला जातो आणि बाजूने पाहताना रुळांमधलं अंतर डोळ्याला मोजताच येत नाही. हे बऱ्याच अंशी खरं आहे. अडचण समोरून पाहताना येते, आणि मुंबईच्या लोकलच्या बाबतीत ती अधिक जाणवते. लोकलचा डबा ३६६० मिलिमीटर रुंद, म्हणजे रुळांमधल्या अंतराच्या २.१८ पट. मॉडेलमध्ये तोच डबा ४२ मिलिमीटर रुंद होतो आणि १६.५ च्या रुळावर हे गुणोत्तर अडीचपटीच्या पुढे जातं. फलाटाच्या टोकाशी डोळा नेऊन समोरून येणारी लोकल पाहिली की ती खांद्यात रुंद आणि पायांत आखडलेली भासते. म्हणून या मार्गाने जाणारे लेआउटची समोरची कड पुलाने, शेडने किंवा झाडीने झाकतात आणि पाहणाऱ्याला बाजूलाच उभं करतात.

दुसरं उत्तर अचूकतेचं. रूळ १९.२६ वरच घालायचा. आयर्लंडमधले छांदिष्ट हे करून दाखवतात: तिथलं गेज १६०० मिलिमीटर, आणि १:७६ प्रमाणात काम करणारे काही जण २१ मिलिमीटरचे रूळ हाताने घालतात. तांब्याचा थर असलेल्या सर्किट बोर्डाच्या पट्ट्या स्लीपर म्हणून चिकटवायच्या, त्यांच्यावर रूळ डाग देऊन बसवायचे, आणि दोन रुळांमध्ये धातूचा मापी ठोकळा ठेवून अंतर कायम राखायचं, अशी ही रीत. अंबरनाथसारख्या गावाला इथे मोठी सोय आहे, आणि ती पुरेशी ओळखली गेलेली नाही. एमआयडीसीच्या पट्ट्यात लेथ चालवणारे आणि साचे करणारे लहान कारखाने आहेत. पितळेच्या सळीवर १९.२६ मिलिमीटरवर दोन खाचा पाडलेला मापी ठोकळा हे लेथवरच्या कारागिरासाठी अवघड काम नाही. युरोपातल्या छांदिष्टाला हीच वस्तू टपालाने मागवावी लागते. खरा त्रास पुढचा आहे: प्रत्येक डब्याची चाकं आसावर बाहेरच्या बाजूला सरकवावी लागतात, बोगीत (डब्याखालच्या चाकांच्या चौकटीत) जागा पुरली नाही तर बोगी नवी करावी लागते, आणि इंजिनाच्या आतल्या दात्यांशी झगडावं लागतं. एका लहान फळीवरची दोन-चार वाहनं बदलणं जमण्यासारखं आहे. मोठा ताफा असेल तर आयुष्य त्यातच जाईल.

तिसरं उत्तर फारसं बोललं जात नाही, पण लहान लेआउटसाठी तेच सर्वांत विचार करण्यासारखं आहे. रूळ बदलण्याऐवजी प्रमाण बदलायचं. १६.५ मिलिमीटरचा तयार रूळ घेऊन गाड्या १:१०० ला बांधल्या, तर अंतर १६५० मिलिमीटरचं होतं. खऱ्यापेक्षा फक्त २६ मिलिमीटर कमी. फळीवर जागाही थोडी वाढते. मात्र बाजारातलं मॉडेल रेल्वेचं साहित्य फारसं लागू पडत नाही. डबे, खांब असं बरंच काही स्वतः करायचं.

याच उत्तराचं दुसरं रूप म्हणजे ब्रॉडगेजच सोडून देणं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी उभारलेली, १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे ७६२ मिलिमीटर गेजची होती. पाचोरा-जामनेर आणि विदर्भातली ‘शकुंतला’ याच मापाच्या. १:८७ ला ७६२ चे पावणेनऊ मिलिमीटर होतात, आणि ९ मिलिमीटरचा तयार नॅरोगेज रूळ जगभर मिळतो. फरक पाव मिलिमीटरचा, तो डोळ्याला दिसत नाही. बदलापूरच्या पुढे नेरळहून चढणारी माथेरानची गाडी मात्र या हिशेबात बसत नाही. १९०७ साली सुरू झालेला तो मार्ग ६१० मिलिमीटरचा आहे. त्याला १:८७ ला सात मिलिमीटर हवेत, आणि ९ मिलिमीटरचा रूळ उलट रुंद पडतो.

रुळाची उंची, स्लीपरची ओळ

गेजचा वाद रंगतो, पण बाजूने पाहणाऱ्याला आधी दिसते ती रुळाची उंची. मॉडेलच्या रुळाची उंची इंचाच्या हजाराव्या भागात सांगतात. १०० कोडचा रूळ २.५४ मिलिमीटर उंच. खऱ्या मापात २२१ मिलिमीटर. आपला ६० किलोचा रूळ १७२ मिलिमीटर उंच असतो आणि ५२ किलोचा १५६. म्हणजे सुरुवातीच्या संचांमध्ये सर्रास येणारा १०० कोडचा रूळ खऱ्यापेक्षा पाच सेंटिमीटर उंच पडतो. ७५ कोडचा रूळ १६६ मिलिमीटरचा होतो आणि ६० किलोच्या अगदी जवळ येतो. ७० कोड ५२ किलोला जुळतो. १०० कोडच्या बाजूनेही बोलता येतं: जुन्या गाड्यांच्या जाड कडांची चाकं त्यावर अडखळत नाहीत, आणि तो मजबूत असतो. नव्या लेआउटसाठी मात्र ७५ च्या बाजूचा पुरावा जड आहे. किमतीतला फरक थोडा आणि दिसण्यातला मोठा.

स्लीपरच्या बाबतीत ब्रिटनचं उदाहरण बोलकं आहे. पेकोच्या तयार रुळाचे स्लीपर एचओच्या मापाचे, म्हणून १:७६ च्या गाडीखाली ते आखूड आणि दाट दिसतात. ही तक्रार कित्येक वर्षं होत राहिली आणि २०१७च्या सुमारास त्या कंपनीने ब्रिटिश पद्धतीच्या स्लीपरांचा वेगळा रूळ बाजारात आणला. भारतीय मुख्य मार्गावर किलोमीटरला १६६० स्लीपर, म्हणजे साधारण ६० सेंटिमीटरवर एक असतो. १:८७ ला ही घडी सात मिलिमीटरच्या आत येते. काँक्रीटचा स्लीपर २७५० मिलिमीटर लांब, म्हणजे मॉडेलमध्ये साडेएकतीस. काँक्रीट स्लीपरचा तयार रूळ मिळतो आणि तो आजच्या अंबरनाथच्या बराच जवळ जातो. रूळ वितळवून जोडलेले असल्यामुळे सांधे दाखवायचीही गरज उरत नाही.

काळ मागे नेला की हे बदलतं. १९६०-७०च्या काळातला मार्ग दाखवायचा तर दर १३ मीटरवर, म्हणजे मॉडेलमध्ये १५ सेंटिमीटरवर, फिशप्लेटचा सांधा हवा. रुळाच्या माथ्यावर करवतीची बारीक खाच पाडली तरी भागतं. खरी कसोटी सीएसटी-९ नावाच्या बिडाच्या स्लीपरची. भारतात एके काळी मैलोन्मैल घातलेला हा स्लीपर म्हणजे प्रत्येक रुळाखाली बिडाची एक पाटी आणि दोन पाट्यांना जोडणारी लोखंडी पट्टी. वरून पाहिलं तर आडवा ठोकळा दिसतच नाही; दोन बाजूंना पाट्या आणि मध्ये खडी. परदेशी कंपन्यांचा कोणताही रूळ यासाठी चालत नाही. जुना भारतीय यार्ड खरा दिसावा असं वाटणाऱ्याला पाट्या स्वतः ओताव्या किंवा त्रिमितीय छपाईने काढाव्या लागतात.

वळणाची मर्यादा

लहान फळीवर सर्वांत मोठं खोटं वळणाचं असतं, आणि रंग-खडीच्या बोलण्यात त्याचा विसर पडतो. भारतीय ब्रॉडगेजवर चालणारं सर्वांत तीव्र वळण दहा अंशांचं, म्हणजे १७५ मीटर त्रिज्येचं. १:८७ ला त्याचे दोन मीटर होतात. खेळण्याच्या संचातलं वळण ४४ सेंटिमीटर त्रिज्येचं, खऱ्या मापात ३८ मीटर. गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या सांध्यांचंही तसंच: १ इन ८.५ कोनाच्या सांध्याची वळण-त्रिज्या २३२ मीटर, मॉडेलमध्ये २.६७ मीटर, दुकानातला मधल्या मापाचा सांधा मात्र एक मीटरच्याही आत असतो.

यावर दोन विचार आहेत. एक, गोल फिरणारी गाडीच सोडायची आणि भिंतीलगत सरळ किंवा किंचित वाकलेला मार्ग घालायचा. ब्रिटनमधल्या सिरिल फ्रीझर यांनी १९५७ साली मांडलेला ‘मिनरीज’ हा शहरी टर्मिनसचा आराखडा याच विचाराचा आहे: दोन मीटरच्या आसपासच्या अरुंद फळीवर गाड्यांची भरपूर हालचाल. दुसरा विचार असा की ज्या मार्गाला तीव्र वळणं मुळातच आहेत तोच निवडायचा. माथेरानच्या घाटात जेमतेम १८ मीटरच्या आसपासच्या त्रिज्येची वळणं आहेत. १:८७ ला ती २१ सेंटिमीटरची होतात आणि ४० सेंटिमीटरच्या फळीवर जवळपास खऱ्या मापात बसतात. गेजमध्ये न बसणारा माथेरान वळणात नेमका बसतो, हे मोठं रंजक आहे.

खडी, रंग आणि ऋतू

इथे मात्र सर्व पंथांचं बऱ्यापैकी एकमत आहे: चुकीच्या गेजचा, जरा उंच रूळही खडी आणि रंग नीट असले तर पटतो, अचूक गेजचा चकचकीत रूळ पटत नाही.

रेल्वेची खडी साधारण ५० मिलिमीटरची. १:८७ ला तिचा दाणा अर्ध्या मिलिमीटरच्या थोडा वर येतो. दुकानातली बरीच मॉडेल-खडी यापेक्षा जाड असते आणि रूळ धोंड्यांत घातल्यासारखे दिसतात. काही परदेशी कंपन्यांची खडी अक्रोडाच्या कवचाच्या भुग्याची असते. हलकी असल्यामुळे पातळ गोंद टाकताना ती तरंगते. आपल्याकडे दगडच स्वस्त. खडी-क्रशरवरची कच दोन चाळण्यांतून काढली तर हव्या मापाचा दाणा मिळतो आणि रंग तर खऱ्या खडीचाच, कारण कल्याण-कर्जत पट्ट्यातली खडी त्याच काळ्या पाषाणाची, ज्यात अंबरनाथचं अकराव्या शतकातलं शिवमंदिर उभं आहे. रांगोळीचाही विचार करता येतो. तिच्यात भुकटी जास्त असते, म्हणून चाळून, काळा रंग मिसळून घ्यावी लागते.

दख्खनच्या दगडाचा एक दोष लक्षात ठेवायला हवा. त्यात मॅग्नेटाइट असतं. इंजिनाच्या मोटारीतलं चुंबक हे कण ओढून घेतं आणि मोटार अडते. म्हणून कच वापरण्याआधी तिच्यावरून चुंबक फिरवायचं, काळा थर येईनासा होईपर्यंत.

खडी चिकटवायला पाणी घातलेला फेविकोल आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब, ही जगभरच्या रीतीचीच आपली आवृत्ती. गोंद सुकून कडक झाला की गाडीचा आवाज फळीतून घुमतो, अशी तक्रार आहे. काही जण त्याऐवजी रबरासारखा राहणारा लॅटेक्सचा गोंद वापरतात. पावसाळी हवेत फेविकोल सुकायला दोन दिवसही लागतात आणि स्वस्त प्लायवूड वाकतं. उल्हासनगरच्या फर्निचर बाजाराच्या शेजारी राहणाऱ्याला चांगल्या प्लायचे तुकडे मिळवणं अवघड नसावं. खालून चौकट मारून, दोन्ही बाजूंनी रंग देऊन फळी घ्यावी, यावर दुमत नाही.

रंगाचा मुद्दा जास्त सूक्ष्म आहे. रुळाचा माथा चकचकीत, बाजू गंजकट तपकिरी, एवढं सर्वांना ठाऊक असतं. पण मुख्य मार्गाच्या रुळाचा तपकिरी आणि बाजूला पडून राहिलेल्या सायडिंगचा तपकिरी सारखे नसतात. पहिला काळपट, दुसरा नारिंगीकडे झुकलेला. गाड्या जिथे ब्रेक लावतात तिथे, म्हणजे फलाटालगत, लोखंडी धुळीने खडी गडद होते; दोन स्टेशनांच्या मध्ये ती राखाडी राहते. लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या शौचालयांमुळे पडणारे पांढुरके पट्टे हा जुन्या भारतीय रुळाचा ठळक भाग होता. गेल्या दशकात डब्यांना जैव-शौचालयं बसल्यापासून तो ओसरला. २०२० नंतरचा अंबरनाथ आणि १९९० चा अंबरनाथ यांत खडीचा रंगच वेगळा द्यावा लागतो.

ऋतूचाही प्रश्न आहे, आणि युरोपातल्या पुस्तकांत त्याला उत्तर नाही. तिथला लेआउट बहुधा उन्हाळ्यातला असतो आणि गवत हिरवं. इथे मे महिन्यात रुळाकडेची जमीन करपलेली असते आणि जुलैत तीच गुडघाभर हिरवी होते, गटारं भरून वाहतात, जुन्या सायडिंगमध्ये खडी चिखलात बुडते. अशा बुडालेल्या सायडिंगमध्ये स्लीपर दिसतच नाहीत, म्हणून लहान लेआउटवर कारखान्याच्या भिंतीकडेचा, मातीत अर्धा गाडला गेलेला मार्ग घेणं फार उपयोगी ठरतं. स्लीपरचं माप, त्यांच्यातलं अंतर, सीएसटी-९ च्या पाट्या, हे सारे प्रश्न त्या मातीखाली जातात. कुणी याला पळवाट म्हणेल. पण तसे मार्ग प्रत्यक्षात आहेत, आणि जे आहे ते दाखवणं हाच तर उद्देश.

धावणं आणि दिसणं

पुण्यात भाऊ जोशी यांनी उभारलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. १:८७ च्या गाड्या, सिग्नल, उड्डाणपूल आणि सर्कससुद्धा असलेलं ते अख्खं शहर कित्येक मराठी मुलांची या छंदाशी पहिली ओळख आहे. तिथल्या मांडणीला रोज, प्रत्येक प्रेक्षकगटासमोर, न अडता धावावं लागतं. प्रदर्शनातल्या रुळाकडून पहिली मागणी भरवशाची असते. खडीचा एक दाणा सांध्याच्या जिभेत अडकला तरी खेळ थांबतो. घरातल्या फळीवर ही सक्ती नाही. तिथे आठवड्यातून तासभर, एक इंजिन आणि चार वाघिणी हळू चालल्या तरी पुरतं. म्हणूनच बारीक रूळ, बारीक खडी, हाताने घातलेले सांधे हे प्रयोग लहान लेआउटवर परवडतात.

काय शिल्लक आहे

भारतीय ब्रॉडगेजसाठी १:८७ चं एकच मान्य माप अजून रुळलेलं नाही. १९.२६ वर रूळ घालणाऱ्याची गाडी मित्राच्या १६.५ च्या लेआउटवर धावत नाही, आणि एकत्र येऊन खेळण्याचा आनंद हा या छंदाचा मोठा भाग आहे. त्रिमितीय छपाई आणि लेसर कटिंग स्वस्त होत आहेत. त्यामुळे स्लीपरच्या पट्ट्या कोणत्याही गेजला काढता येतील. चाकं आणि इंजिनं यांचा प्रश्न त्याने सुटत नाही.

मापं मिळवण्याचाही प्रश्न आहे. रुळांवर उतरून मोजणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि या पट्ट्यात ते जिवावर बेतणारं आहे. आजच्या काँक्रीट स्लीपरसाठी तशी गरजही नाही. लखनौच्या आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन आणि मानक संस्थेचं टी-२४९६ हे रेखाचित्र आणि पादचारी पुलावरून काढलेले फोटो पुरतात. अडचण जुन्याची आहे. बिडाचे स्लीपर मार्गांवरून निघत चालले आहेत. बार्शी लाइटचं रुंदीकरण पूर्ण झालं आहे आणि तिचे यार्डला ३० पौंड वजनाचे रूळ मूळ जागी नाहीत. ते रूळ जेमतेम ७५-८० मिलिमीटर उंच. १:८७ ला एक मिलिमीटरच्याही आत. नॅरोगेजसाठी मिळणारा ५५ कोडचा बारीक रूळसुद्धा त्याच्या दीडपट उंच पडतो.